बद्द वाजणारे गिअर

लोखंडाच्या पावडरीचा गिअर प्रेसमधून दाबून निघतो तेव्हा दिसतो लोखंडासारखा, पण असतो बिस्किटासारखा. अंगठ्याचा जोर जरा जास्त पडला की दात गळून हातात! भट्टीत भाजला की मग मात्र गाडीच्या इंजिनात वर्षानुवर्षं फिरतो. प्रेसपासून भट्टीच्या ट्रेपर्यंतचा त्याचा हातभर प्रवास एकतीस वर्षं आप्पांच्या हातांनी होत आला होता. कारखान्यात त्यांना सगळे 'लोणीकाका' म्हणत. कुणा नव्याने गिअर फोडला की हमखास ऐकू यायचं, "दगडफोड्या, जा, लोणीकाकांचे हात उसने घेऊन ये!"

भट्टीच्या दुसऱ्या तोंडाशी त्यांची मुलगी बसायची. भाजलेला, निवलेला गिअर बोटावर अडकवायचा, छोट्या हातोडीने टिचकी मारायची आणि ऐकायचं. धड असला तर खणखणीत वाजतो. आत चीर असली तर बद्द.

गेल्या आठवड्यात बद्द वाजायला लागले, आणि सगळे आप्पांच्याच ट्रेमधले. तिला नवल वाटलं नाही. घरी आप्पा हल्ली चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचे, ते तिने पाहिलं होतं आणि पाहिलंच नाही असं केलं होतं.

नोंदवहीत कारणाच्या रकान्यात तिने लिहिलं, 'पावडर नीट मिसळलेली नाही.' तीन दिवस तेच. पावडरीला कुठे तोंड असतं, ती कशाला तक्रार करते! पण पावडर मिसळणाऱ्याला पोट होतं. शुक्रवारी सकाळी सुपरवायझरने त्याला घरी बसवलं.

जेवणाच्या सुट्टीत आप्पा डबा न उघडताच तिच्या टेबलाशी आले.

"पावडरवाल्याला घरी पाठवलं म्हणे."

"हं."

"कामात असला की तो बायकोचा फोनसुद्धा घेत नाही. त्याच्या हातून चूक होईल?" त्यांनी बाजूला काढलेल्या गिअरांकडे पाहिलं. "दे बघू इकडे."

"आप्पा, जेवून घ्या ना आधी."

त्यांनी ऐकलं नाही. एक गिअर उचलून त्यांनी हातोडी मारली. टक-टक.

"एकदाच मारली होती गं मी," ते म्हणाले आणि कसंनुसं हसले.

तिने हातोडी काढून घेतली. "डॉक्टरकडे जाऊ आपण. तोवर तुमचे जमतील तेवढे ट्रे मी भरत जाईन, लवकर येऊन. कुणाला कळणार पण नाही."

"आणि एखादा निसटला तुझ्या कानातून? भर चढावर कुणाची गाडी बंद पडेल. मागच्या सीटवर लेकरं असतील." त्यांनी नोंदवही तिच्यापुढे सरकवली. "लिही."

"मला नाही जमायचं."

"तीन दिवस खोटं जमलं की! खरं त्याहून सोपं आहे, बाळा. एवढंसं असतं."

तिने तिन्ही ओळी खोडल्या आणि शेजारी त्यांचा बिल्ला नंबर लिहिला. शाळेत जायच्या आधीपासून तिला तो पाठ होता. कुठे हरवलीस तर हा सांग, असं त्यांनीच घोकून घेतलं होतं. लिहून होईपर्यंत आप्पा उभे राहिले, मग डबा घेऊन गेले.

सोमवारी पावडरवाला कामावर परतला. तिच्याशी मात्र तो बोलला नाही. आप्पांनाही कुणी काढून टाकलं नाही. भट्टीत जायच्या आधी जे गिअर बिघडतात, ते फोडून त्यांची पुन्हा पावडर करायच्या कामावर त्यांना बसवलं.

"मजा आहे, बसून काम," ते तिला म्हणाले. "हात थरथरला तरी चालतं."

प्रेसवरच्या नव्या माणसाने दुपारपर्यंत पाच गिअर फोडले. कुणीच त्याला हात उसने आणायला सांगितलं नाही. तो खाली मान घालून ते तुकडे आप्पांपुढे ठेवून गेला.

ती टेबलाशी बसून टिचक्या मारत होती. कोपऱ्यातून कच्चं लोखंड चुरडल्याचा आवाज येत होता, जरा थांबून पुन्हा. हातातल्या गिअरवर तिने एकदा हातोडी मारली, मग दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तो खणखणीत वाजला की बद्द, काही केल्या तिला कळेना. शेवटी तिने तो बाद गिअरांत टाकला.