मुळा धरणाची कयाक समुद्रावर जाते

मित्रांनो, मी होडी आहे आणि नगर जिल्ह्यातली आहे. काढा दात. मला कयाक म्हणतात. एकाच माणसाने बसायचं आणि दोन्हीकडून पातं असलेल्या वल्ह्याने हाकायचं. आता म्हातारी झाले आहे, पण माझी जात अशी साधीसुधी नव्हे.

सुप्याच्या एका कारखान्यात पाण्याच्या टाक्या बनत. त्याच भट्टीत, त्याच प्लास्टिकच्या भुकटीतून मी झाले. माझ्या बहिणी काळ्या आणि गोलमटोल. त्या पोटात पाणी घेऊन लोकांच्या छपरांवर जाऊन बसल्या. मी केशरी, सडपातळ. मी पाण्याच्या वर बसले. फरक असतो, मित्रांनो.

राहुरीकडच्या निकिताने मला घेतलं आणि मुळा धरणावर खूप फिरवलं. लोक काठावरून वाखाणायचे. स्तुती मला आवडते, पण स्तुती करणाऱ्याचा हात कुठे आहे ते मी आधी बघते. एकाने "लई झ्याक हाय" म्हणत म्हणत माझी दोरी सोडायला घेतली होती!

पुढे निकिताच्या डोक्यात समुद्र शिरला. कोकणच्या खडकाळ किनाऱ्याने एकटीने जायचं म्हणाली. तिची आई मालनबाई कमरेवर हात ठेवून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"एकटी जातीस का कुनासंगं?"

"आई, यात एकच जागा हाय."

"बघू."

त्या स्वतःच माझ्यात बसल्या. पुढे-मागे चाचपलं. दुसरं माणूस मावत नाही याची खात्री पटली, पण आता त्यांनाच बाहेर निघता येईना. शेवटी बापलेकीने दोन्ही हात धरून त्यांना उपटून काढलं. मला राग आला नाही. तपासल्याशिवाय भरवसा ठेवू नये, हे माझंही मत.

निकिताचे वडील बन्सीभाऊ मला टेम्पोत घालून कोकणात घेऊन गेले. तिथे डोंगराचं एक टोक पार समुद्रात घुसलं होतं. त्याच्या पलीकडच्या गावी भाऊ टेम्पो घेऊन थांबणार होते. तो वळसा घालून अंधाराआधी तिथे पोचायचं, असं निकिताने ठरवलं होतं.

समुद्र मला पहिल्यापासून पटला नाही. धरणाचं पाणी गुमान एका जागी राहतं. हा सारखा पुढे येतो, मागे सरतो, पायाशी घोटाळतो. कामाशिवाय कोण एवढी लगट करतं?

दुपारी दोन खडकांमधल्या वाळूच्या पट्टीवर निकिता उतरली. मागे उभा कडा होता. तिथून बाहेर पडायला माझ्याशिवाय वाट नव्हती. आणि तिने मला पाण्याला टेकूनच ठेवलं! ही धरणावरची सवय. उन्हाळ्यात शेतीसाठी कालव्याला पाण्याचं आवर्तन सोडलं की धरणाचं पाणी मागे हटतं. होडी वर ओढून ठेवली, तर पुन्हा चिखलातून फरफटत न्यावी लागते. म्हणून आमच्याकडे होडीचं नाक पाण्यातच ठेवतात. निकिता भाकरी-ठेचा खाऊन खडकाच्या सावलीत आडवी झाली.

पाणी चढलं. माझं बूड उचललं गेलं आणि मी चालले. तेवढ्यात एक मच्छीमार होडी जवळ आली. पांढऱ्या दाढीचा माणूस वाकला आणि त्याने माझ्या नाकाला दोरी अडकवली. मला वाटलं, झालं, चोर भेटला.

निकिता धावत आली. "ओ काका, सोडा ती दोरी! दिवसाढवळ्या चोरी करता?"

"चोरी? तुझी होडी पळाली होती, मी धरली. भरती लागलीय ना! वर का नाही ओढलीस?"

"उन्हाळ्यात पानी उतरतं की."

"कुठली ग तू?"

"नगरची."

"मग बरोबर आहे!" तो कपाळावर हात मारत म्हणाला. त्याचं नाव फैयाज. "चल, बांध मागे. गावात सोडतो."

निकिताने नाही म्हणून मान हलवली. अनोळखी माणूस, अनोळखी गाव. मलाही तेच बरं वाटलं.

"हट्टी आहेस. मग जा, पण कड्यापासून लांब राहा. लाट आपटून उलटी येते." त्याने मला वाळूला लावून दोरी सोडली.

आम्ही निघालो. थोड्या वेळाने निकिताने वळून बघितलं, तर त्याची होडी मागे होतीच.

"कशापायी मागं येतोय हा?" ती पुटपुटली आणि जोरात वल्हं मारू लागली. लवकर पोचायचं म्हणून कड्याजवळून निघाली. उलटी लाट बसली. मी पार आडवी झाले. निकिताने वल्हं पाण्यावर सपाट आपटून मला कसंबसं सावरलं. मागून फैयाज हात लांब करून खोल समुद्राकडे दाखवत होता. तिने ऐकलं. बाहेर पाणी शांत होतं.

वळसा संपला आणि टॉवेल हलवणारे बन्सीभाऊ दिसले. तेव्हा कुठे त्या म्हाताऱ्याने होडी फिरवली. त्याला इकडे यायचंच नव्हतं, आमच्यापायीच आला होता.

टेम्पोत बसून निकिताने आईला फोनवर सगळं सांगितलं.

"अन् त्या मानसाला पानी तरी इचारलंस का?" मालनबाई म्हणाल्या.

"समुद्रात कुठं आई..."

"बाटली व्हती ना तुझ्याजवळ?"

निकिताने बाटली हलवून बघितली, अर्धी भरलेली होती.

आता निकिता नोकरीला लागली आहे आणि माझ्या पोटात कांदे वाळत घालतात. उन्हाने माझी कातडी तडकली आहे. मित्रांनो, होडी असेल तर तिला सावलीत पालथी ठेवा. काठावर ठेवण्याआधी पाणी कालपर्यंत कुठवर आलं होतं ते विचारा. संशयही खुशाल घ्या, मी अजून घेते. पण ज्याच्यावर घेतला तो माणूस खरा निघाला, तर त्याला तहानलेला परत पाठवू नका.