नळाचं पहिलं पाणी

अकरा वर्षं मी पालिकेसाठी शहरातल्या घराघरांतलं पाणी तपासलं. पद्धत ठरलेली: नळ पाच मिनिटं वाहू द्यायचा, मग बाटली भरायची. का, ते कधी विचारलं नाही. आणि म्हणे मी हुशार.

एका सकाळी धाकट्या भावाच्या घरचा नमुना घ्यायचा होता. उशीर झालेला, म्हणून नळ उघडला आणि लगेच बाटली भरली. प्रयोगशाळेत पाहते तर शिसं मर्यादेच्या नऊपट. शिशाच्या जुन्या नळांत रात्रभर साचलेलं पाणी ते. पाच मिनिटं सोडलं की शिसं वाहून जातं आणि आमच्या बाटलीत येतं चांगलं पाणी. लोक मात्र पहिलंच पाणी वापरतात. भावाकडे चार महिन्यांचं बाळ, पाण्यात कालवलेल्या पावडरच्या दुधावरचं.

साहेब म्हणाले, "नियम तुम्ही मोडलात, बाई. नमुना बाद." भावानं ऑफिसात विचारलं, त्यालाही हेच उत्तर मिळालं. मग मी आणखी सहा घरांत मुद्दाम पहिलं पाणी भरलं. सगळीकडे तेच. साहेबांनी कानांवर हात ठेवले, तेव्हा कागद उचलून वर्तमानपत्राला दिले.

वाटलं, आता लोक जागे होतील. कसलं काय! आठवड्याच्या आत ऑफिसनं घरोघर पत्रक वाटलं: 'घाबरू नका.' सोबत माझ्याच सह्यांचे अकरा वर्षांचे अहवाल. त्यातला एकही खोटा नाही, हेच तर दुखणं आहे.

मला घरी बसवलं. शेजारीण जिन्यात भेटली की चपलेचा पट्टा नीट करत बसते. बातमीत भावाची गल्ली आली, म्हणून त्यानं बोलणं टाकलं. जेवताना मी भिंतीशी भांडते. फार एकटं वाटतं, दुसरा शब्द नाही.

काल सकाळी सहाला त्याच्या दारात गेले. भावजयीनं दार अर्धवट उघडलं. आत बाळ भुकेनं रडत होतं.

"आत नाही येत," मी म्हटलं. "तेवढं दुधाचं पाणी घेण्याआधी नळ पाच मिनिटं सोडत जा."

"मी उकळून घेते, ताई."

"उकळून शिसं जात नाही गं."

"अकरा वर्षं तुम्हीच सांगत होतात ना, पाणी चांगलं आहे म्हणून?"

"तेव्हा चुकले मी."

"मग आताही चुकत असाल." तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "हे उठतील, ताई. जा तुम्ही."

दार बंद झालं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली जाऊन उभी राहिले. आत नळ सुटला. मी मनात सेकंद मोजायला लागले.

सातावर नळ बंद झाला. थोड्या वेळानं बाळाचं रडणं थांबलं.