माणिक्कम माझ्यावरून पडला तेव्हा

मी वेताची खुर्ची. मद्रासमधल्या कोडंबाक्कमच्या एका फिल्म स्टुडिओत, सामानाच्या खोलीत माझा मुक्काम असतो. बातमी आली त्या सकाळी माझ्या पाठीवर ओली धोतरं वाळत होती आणि मांडीवर कुणाचा तरी इडल्यांचा डबा होता. साहाय्यक दिग्दर्शक सेतुमाधव धावत आला, डबा उचलला आणि ओरडला, "आपल्या पिक्चरचे शंभर दिवस झाले! मौंट रोडच्या थिएटरात अजून हाउसफुल! हिला पुसा रे, हिला समारंभाला न्यायचंय!"

हिला म्हणजे मला.

माझा जन्म मैलापूरच्या एका वेतकामाच्या दुकानातला. तिथून एका वकिलाच्या ओसरीवर गेले. अशील खरं बोलताना मागे रेलतो, खोटं बोलताना काठावर येऊन बसतो, हे मी तिथं शिकले. पाय डुगडुगू लागला तेव्हा वकीलसाहेबांनी मला स्टुडिओला देऊन टाकलं.

तिथे शेषगिरीराव एका मल्याळी विनोदी प्रेमपटावरून तमिळमध्ये चित्रपट करत होते. तंजावरकडचे मराठी गृहस्थ, घर वेस्ट मांबलमला. मूळ चित्रपट त्यांनी पत्नीबरोबर पाहिला होता. भवानीबाई पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, "हा तुम्ही तमिळमध्ये कराच." हक्क मिळाले, सेट उभा राहिला, आणि भवानीबाई तापानं गेल्या. तेरावं उरकून शेषगिरीराव कामावर हजर झाले.

आता त्यांच्यापुढे हसणार कोण? सेटवर सगळे दबक्या पावलांनी चालत. नायक माणिक्कम प्रेमाची वाक्यं अशी म्हणे, जणू समाचाराला आलाय. शेषगिरीरावही मूळ चित्रपट जसाच्या तसा उतरवत राहिले. निर्माते एकदा झालेलं काम पाहून गेले. जाताना सेतुमाधवला म्हणाले, "ही कॉमेडी आहे की वर्षश्राद्ध? असंच चाललं, तर मी हे बंद करणार."

दुसऱ्या दिवशी मला सेटवर मांडलं. नायक मुलीच्या वडिलांकडे मागणी घालायला येतो, तो प्रसंग. माणिक्कम रुबाबात म्हणाला, "माझ्या घरी तुमच्या मुलीला कसलीही चिंता नाही," आणि माझ्यावर बसला.

माझा पाय गेला. माणिक्कम जमिनीवर आडवा.

नायिका कामाक्षी भूमिका न सोडता म्हणाली, "अय्यय्यो! आधी याला उचला कुणीतरी, मग मी विचार करते."

सगळे शेषगिरीरावांकडे पाहू लागले. त्यांचे खांदे हलले. मग ते हसले, ठसका लागेपर्यंत हसले, आणि पाठोपाठ अख्खा सेट.

"राव, मूळ चित्रपटात हे नाही," सेतुमाधव घाबरत म्हणाला.

"नसू दे. आता आपल्यात आहे. माणिक्कम, मार लागला नाही ना? मग ऊठ, पुढचं बोल!"

त्या दिवसापासून माणसं हसू लागली, भांडू लागली, एकमेकांना नवी वाक्यं सुचवू लागली. निर्माते पुन्हा आले आणि जेवणाची वेळ विसरून बसून राहिले.

समारंभात मला खिळे ठोकून, झेंडूचा हार घालून मंचावर आणलं. लोकांनी मला ओळखलं! शिट्ट्या, टाळ्या, माणिक्कमलासुद्धा एवढ्या मिळाल्या नाहीत. कुणी ओरडलं, "सार, बसून दाखवा!" माणिक्कम माझ्यापासून चार हात लांब सरकला आणि पुन्हा हशा उसळला.

मग शेषगिरीराव बोलायला उठले. त्यांनी मल्याळी मंडळींचे आभार मानले, नटांचे, दिवे धरणाऱ्यांचे, हसत हसत माझेही. मग चष्मा पुसला, हात जोडले आणि जागेवर जाऊन बसले.

भवानीबाईंचं नाव घ्यायचं राहून गेलं.