भुरीच्या पाण्याचा गंज

माझ्या काठाखाली ठिपक्याठिपक्यांनी एक नाव कोरलेलं आहे. नीट पाहिलंत तर अजूनही वाचता येतं: उमराव. बाकी माझ्यात पाहण्यासारखं काही उरलेलं नाही. बूड चेपलं आहे, काठ एका बाजूला वाकला आहे आणि चकाकी तर केव्हाच गेली. मित्रांनो, मी एक जुना जर्मनचा गंज आहे. आमच्या देवरीकडे ॲल्युमिनिअमला जर्मन म्हणतात आणि खोलगट भांड्याला गंज. त्या परदेशाचा आणि माझा काडीचाही संबंध नाही.

माझा जन्म नागपूरकडच्या एका कारखान्यात झाला. पत्र्याची चकती यंत्राखाली गेली, दाब बसला आणि मी बाहेर पडलो. जन्माचा सोहळा एवढाच. देवरीच्या आठवडी बाजारात पुष्पाबाईंनी मला उचललं, बोटाने वाजवून पाहिलं, कुठे भोक तर नाही ना म्हणून उन्हाकडे धरलं आणि नवऱ्याचं नाव घालून घरी आणलं. रोवण्याच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत शेतावर राबणाऱ्या सगळ्या बायांचा भात माझ्यातच शिजायचा. "या गंजात भात कदी लागत नाही," असं पुष्पाबाई चारचौघींत सांगायच्या आणि मी चुलीवर बसल्या बसल्या फुगून जायचो.

मग एकदा विहिरीवर त्यांच्या हातून निसटलो आणि बूड चेपलं. त्याच सुमारास घरात गॅसची शेगडी आली. शेगडीवर मी डुगडुगू लागलो. एक दिवस पुष्पाबाईंनी मला उचलून बाहेरच्या छपरीत, म्हणजे ओसरीवर, ठेवलं आणि म्हणाल्या, "कुत्रीले पानी पाज्याले होते." मला त्याचा फार अपमान वाटला. ज्याच्यात अख्ख्या शेताचा भात शिजला, त्याच्यात आता कुत्रीने तोंड घालायचं! पण रुसून काय करणार? भांड्याला पाय नसतात.

ती कुत्री म्हणजे भुरी. या घरची मुलगी चेतना शाळेत असताना मोहफुलं वेचायला जंगलात गेली होती, तेव्हा टोपल्यात फुलांच्या वर बसवून हे भुरकट पिल्लू घेऊन आली. पिल्लू लघवीला बसू लागलं की चेतना त्याला उचलायची आणि घरामागच्या बाडीत बांबूच्या बेटापाशी नेऊन सोडायची. मारलं नाही, ओरडली नाही, फक्त न कंटाळता नेत राहिली. थोड्याच दिवसांत भुरी स्वतःच दाराला पंजाने खरवडू लागली. दार उघडलं की ती बाडीत जायची आणि परत यायची. पाऊस असो की कडाक्याची थंडी, तिने घरात कधी थेंब सांडला नाही. उमरावजी पाहुण्यांना सांगायचे, "आमची भुरी म्हंजे मानसायपेक्षा साफ."

तिची जीभ माझ्या तळापर्यंत फिरायची. सुरुवातीला मी अंग चोरून घ्यायचो, पण नंतर तिची वाट पाहू लागलो. पाणी पिऊन झालं की ती हनुवटी माझ्या काठावर टेकवायची आणि तशीच झोपी जायची. चुलीवर एवढा मान मिळाला, पण असं टेकून कोणी झोपलं नव्हतं.

आता उमरावजींचं काम तुम्हाला सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरून घडलं. आमच्या गावचा तलाव त्यांच्या पूर्वजांनी गावाबरोबर खपून बांधला. त्याचं पाणी शेतांना वाटून देणारा माणूस म्हणजे पानकर. उमरावजी गावचे पानकर आहेत. तलावातून पाणी सुटतं त्या दाराला तुडूम म्हणतात. खाली कुणाची धानाची बांधी, म्हणजे बांध घातलेलं शेत, तुंबली, पाणी बांधावरून वाहू लागलं, की लोक उमरावजींना हाक मारतात. ते पारीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाऊन तुडूम बंद करतात आणि खालची बांधी आपोआप सुकते. त्यांचं सगळं आयुष्य या एका कामात गेलं आणि त्यात ते कधी चुकले नाहीत.

थंडी सरली आणि भुरीचं पाणी वाढलं. हे सगळ्यात आधी मला कळलं. एरवी दिवसभर पुरणारं पाणी दुपारच्या आत संपायचं. ती रिकाम्या तळाला चाटत राहायची आणि मान वर करून घराकडे पाहायची. "कुत्री आहे का म्हैस?" म्हणत पुष्पाबाई मला पुन्हा भरायच्या. भुरीचं पोटही जरा सुटलं होतं. "खाऊन खाऊन मातली," असं पुष्पाबाईंना वाटलं. मला मात्र काळजी वाटत होती, पण माझी भाषा कोण ऐकणार?

मग एका सकाळी ती झोपली होती तिथे ओलं झालेलं दिसलं. झोपेतच झालं होतं. भुरी जागी झाली, तिने ते हुंगलं, कान पाडले आणि धानाच्या कोठीमागे जाऊन लपली. त्या दिवशी कोणी तिला रागावलं नाही. पण तसं पुन्हा झालं, पुन्हा पुन्हा झालं. कधी छपरीत, कधी थेट स्वयंपाकघराच्या दारात. ती दार खरवडायची, पण कोणी उठेपर्यंत तिला आवरत नसे. पुष्पाबाई सारवून सारवून थकल्या. एकदा त्यांनी तिचं नाक त्या ओल्यात घासलं आणि केरसुणीने मारलं. भुरीने अंग आकसून मार खाल्ला. इतकी वर्षं जी कुत्री एकदाही चुकली नाही, ती म्हातारपणी एकाएकी का चुकू लागली, हा प्रश्न त्या घरात कोणालाच पडला नाही. मित्रांनो, मला त्याचा अजून राग येतो.

उन्हाळ्यात चेतनाला पाहायला गोंदियाहून पाहुणे आले. छपरीत सतरंजी अंथरली होती. भुरी बाजेखाली झोपली होती. चहा चालू असतानाच बाजेखालून ओघळ निघाला आणि सतरंजीखाली शिरला. एक पाहुणे दचकून उठले आणि धोतराचा सोगा चिमटीत धरून म्हणाले, "क्या जी, कुत्ता घर के अंदर ही करता है क्या आपके यहाँ?" बाकीचे हसले. उमरावजींची मान खाली गेली. ती सोयरीक पुढे दुसऱ्याच कारणाने मोडली, पण दोष भुरीच्या माथी बसला.

पाहुणे गेल्यावर पुष्पाबाईंनी निर्वाणीचं सांगितलं. "आता एक तं हे थांबवा, नाही तं तिले नेऊन जंगलात सोडून या. माह्याच्यानं होत नाही."

भुरीला जंगलात सोडायचं उमरावजींच्या जिवावर आलं होतं. ते दुष्ट नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. त्यांनी तिच्यावर कधी हात उचलला नव्हता आणि तिला घरात ठेवायचा काही तरी मार्ग ते शोधत होते. सकाळी ते माझ्याजवळ आले, माझ्यातलं पाणी अंगणात ओतलं आणि मला पालथं घातलं.

"बाबा, तिचं पानी काऊन ओतलं?" चेतनाने विचारलं.

"वरचं तुडूम बंद केल्याबिगर खालची बांधी सुकते का?" उमरावजी म्हणाले. "सकायी दोन घोट देजो. मंग दिवसभर गंज पालथाच राहू दे."

"गर्मी किती होऊन राहिली. तहान लागन ना तिले."

"आदत पडन. जंगलात सोडल्यापरीस बरं आहे."

चेतनाने मला तसंच राहू दिलं. बापाला पाण्यातलं कळतं हे ती लहानपणापासून ऐकत आली होती.

आणि मग नवतपा लागला. आमच्याकडे मे महिन्याच्या शेवटी ऊन असं तापतं की अंगणात अनवाणी पाय टेकवत नाही. भुरी यायची आणि नाकाने मला ढकलायची. मी वाकलेल्या काठावर डुगडुगत एक फेरी घ्यायचो. माझ्याखाली काही नसायचं. तरी ती जमीन चाटायची. भांडी घासलेल्या जागेवरची ओल चाटायची, मोरीच्या तोंडाशी पडून राहायची. पुष्पाबाई तिला तिथूनही हाकलायच्या. भांड्याला तहान लागत नाही असं तुम्हाला वाटत असेल. मला त्या दिवसांत लागली. माझ्यात पाणी हवं होतं ते माझ्यासाठी नव्हे, हे मी कोणाला आणि कसं सांगणार होतो?

पण सगळ्यात वाईट गोष्ट पुढेच आहे. उपाय लागू पडला. घरातली जमीन हळूहळू कोरडी राहू लागली. पुष्पाबाईंनी पुन्हा जंगलाचं नाव काढलं नाही. उमरावजी खूश झाले आणि पानठेल्यावर सांगू लागले. शेजारचा शालीकराम तिथे होता. त्याचा म्हातारा कुत्राही रात्री घरात ओलं करायचा. "तुडूम बंद कर, आठ दिसांत फरक पडते," उमरावजींनी त्याला सांगितलं. शालीकरामने घरी जाऊन आपल्या कुत्र्याचं भांडं उचलून टाकलं.

भुरीने खाणं सोडलं. तिला उलट्या झाल्या. मग ती माझ्याजवळ येऊन पडली ती उठेचना. चेतनाने तिचं तोंड उघडून पाहिलं तर हिरड्या कोरड्याठाक होत्या. तिने धावत जाऊन मला हापशावर भरून आणलं. भुरीने डोळे उघडले, जीभ पाण्याला लावली, पण घोट खाली उतरला नाही. "बाबा, ऑटो बोलवा," चेतना म्हणाली. तिच्या आवाजाने उमरावजीही घाबरले. भुरी चेतनाच्या मांडीवर आणि मी उमरावजींच्या हातात, पाण्याने भरलेला, असे आम्ही देवरीला जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टरांनी भुरीचं पोट दाबून पाहिलं. "आधी खूप पाणी पीत होती का?" त्यांनी विचारलं.

"लय पीत होती, साहेब. घरातच मुते. मंग मी पानी बंद केलं. आता नाही मुतत." हे सांगताना उमरावजींच्या आवाजात अजूनही थोडं समाधान होतं.

डॉक्टरांचा हात थांबला. "हिच्या गर्भपिशवीत पू झाला आहे," ते म्हणाले. "त्या आजारात तहान आवरत नाही आणि लघवीही आवरत नाही. पाणी पीत होती म्हणून ती टिकली होती. आता लघवी होत नाही, कारण हिच्या किडन्या बंद पडल्या आहेत. तेव्हा आणली असती तर ऑपरेशन करता आलं असतं."

उमरावजींनी मला टेबलाच्या कडेला ठेवलं.

डॉक्टर इंजेक्शन भरत होते तेवढ्यात भुरीने मान उचलली. दाराकडे पाहिलं. मग तिचा पंजा पत्र्याच्या टेबलावर खरवडू लागला, पुन्हा पुन्हा. डॉक्टरांना वाटलं झटका आला. चेतना म्हणाली, "तिले बाहेर जायचं आहे." ती रडत रडत भुरीला उचलून बाहेर घेऊन गेली आणि कडुनिंबाखाली मातीवर तिचे पाय टेकवले. भुरीने एकदा पाठ वाकवली. एक थेंबही आला नाही. ती तशीच चेतनाच्या हातावर कलंडली. मरतानाही तिला त्या खोलीत घाण करायची नव्हती. मला हे आठवलं की आजही बरं वाटत नाही.

आम्ही तिला घेऊन घरी आलो. भुरीला बाडीत पुरलं. पुष्पाबाई घरात तोंडाला पदर लावून बसल्या. उमरावजी हापशावर गेले, त्यांनी मला काठोकाठ भरलं आणि मला दोन्ही हातांत धरून थेट शालीकरामच्या घरी गेले. गोठ्याच्या खांबाला त्याचा कुत्रा बांधलेला होता. जीभ बाहेर, डोळे अर्धे मिटलेले. उमरावजींनी मला त्याच्यापुढे ठेवलं. कुत्र्याने तोंड घातलं आणि तो इतक्या घाईने पिऊ लागला की त्याला ठसका लागला.

शालीकराम बाहेर आला. "उमरावभाऊ, हे काय करून राहिले? तुमीच तं पानी बंद करा म्हनलं होतं."

"मी चुकीचं सांगतलं. माही भुरी मेली आज. बिमार होती ते. मीच मारली तिले."

"पन आता हा घरात मुतन ना."

"मुतू दे," उमरावजी म्हणाले. "पुसून घेजो. आन् सकायी ऑटो करून याले देवरीले नेजो. मी येतो संगं."

ते मला तिथेच ठेवून गेले. तेव्हापासून मी शालीकरामच्या गोठ्यात आहे. त्याच्या कुत्र्याला साखरेचा आजार निघाला, औषध चालू आहे, आणि जमीन कधी कधी ओली होते. शालीकरामची बायको कुरकुरते आणि पुसून घेते.

मित्रांनो, तुमच्या घरातलं शहाणं जनावर एक दिवस घरातच ओलं करू लागलं, तर ते माजलं किंवा विसरलं असं समजू नका. त्याला काही तरी होत असतं आणि सांगायला त्याच्याकडे दुसरी सोय नसते. आधी त्याला डॉक्टरकडे न्या. राग आलाच तर तो मग काढा, तोवर तो बहुधा निघून गेलेला असेल. आणि घरात कितीही ओलं होवो, माझ्यासारख्या एखाद्या गंजाला कधी पालथा घालू नका.