बाहेरची कडी

कंटेनर माणसांना राहण्यासाठी करायचा असला की आमच्या यार्डात पहिलं काम ठरलेलं असायचं. बाहेरच्या कड्या कापायच्या. जहाजावरून आलेल्या कंटेनरच्या दाराला बाहेरून उभे लोखंडी दांडे असतात. ते फिरवून बसवले की दार पक्कं बंद. आतून उघडायची सोयच नाही, कारण आत माल असतो आणि मालाला बाहेर यायची हौस नसते. खिडक्या, जमीन, रंग, आतला थर्माकोल हे सगळं नंतर. आधी ते दांडे कापून भंगारात गेले पाहिजेत, हा आमच्या ह्यांचा, म्हणजे उत्तरेश्वरांचा, नियम. गिऱ्हाईक कितीही घाईत असो, "माणसं राहणार का माल?" हे विचारल्याशिवाय ह्यांनी कधी कटर पेटवला नाही.

त्याला कारण होतं. धाराशिवकडून पुण्यात आले तेव्हा ते एका बांधकामावर कामाला होते आणि कामगारांना झोपायला असाच एक जुना कंटेनर दिलेला होता. वॉचमन बाहेरून दांडा लावायचा. एकदा आत वायर जळाली आणि वॉचमन जेवायला गेलेला. सोळा माणसं आतून पत्रा बडवत होती. सगळे वाचले, पण ह्यांच्या मनातून तो दांडा काही गेला नाही. पुढे वेल्डिंग शिकले, फुरसुंगीला दत्तोबांची जागा भाड्याने घेऊन यार्ड टाकलं आणि जन्मभर लोकांच्या कड्या कापल्या.

मी सुशीला. माहेर मंडईतलं, वडिलांचा कांदा-बटाट्याचा गाळा होता. माझं तोंड तिथलंच आहे, असं लोक म्हणतात, आणि लोक खोटं कशाला बोलतील? यार्डात माझं काम उजेड बघायचं. जुना कंटेनर आला की कड्या कापायच्याही आधी मी पाना घेऊन आत जायचे आणि हे बाहेरून दांडा लावून घ्यायचे, नाहीतर दाराच्या फटीतून उजेड येतो. आत मिट्ट काळोख. जिथे पत्रा गंजून भोक पडलं असेल तिथून उजेडाचा ठिपका दिसतो. मी त्या जागेवर पान्याने दोनदा ठोकायचे. हे बाहेर पत्र्यावर तळवा ठेवून जागा ओळखायचे आणि पावसाने न जाणाऱ्या पिवळ्या खडूने गोल करायचे. सगळं बघून झालं की मी तीनदा ठोकायचे. तीन म्हणजे झालं, आता उघडा. लग्नाला बत्तीस वर्षं झाली आमच्या, पण आमचं जे काही खरं बोलणं झालं ते त्या पत्र्यातून झालं. एरवी ते बोलत नसत आणि मी थांबत नसे.

कामं बरी मिळत होती. शेफाली नावाची एक आर्किटेक्ट मुलगी आमच्याकडून दुकानं, दवाखाने, घरं करून घ्यायची. जुनं आहे ते मोडीत न काढता वापरायचं, सिमेंट कमी, झाडं शाबूत, असं तिचं सगळं मनापासून असायचं. तिच्या गिऱ्हाइकांचं मात्र मला हसू येई. पृथ्वी वाचवायची म्हणून कंटेनरात राहायचं आणि त्याला एसी दोन लावायचे. पण काम चोख व्हायचं. ह्यांनी केलेल्या घरात पावसाचा एक थेंब कधी आत आला नाही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये शेफालीने एका शाळेच्या वाचनालयासाठी वीस फुटी कंटेनर आणून टाकला. गुरुवार होता. गुरुवारी आमच्याकडे लाइट जाते, कामगारांना सुट्टी, म्हणून उजेड बघायचं काम आम्ही गुरुवारीच काढायचो. मी आत गेले. ह्यांनी दार लावलं, दांडा बसवला. दोन भोकं सापडली, मी ठोकलं, बाहेर खडू घासल्याचा आवाज आला. तिसऱ्याला ठोकलं तेव्हा आवाज आला नाही. पुन्हा ठोकलं. मग तीनदा ठोकलं. मग मोजणं सोडून दिलं.

आधी मला राग आला. मनातल्या मनात ह्यांचा, ह्यांच्या आईचा आणि अख्ख्या धाराशिवचा उद्धार करून झाला. मग पत्रा तापायला लागला तशी भीती वाटली. सगळ्यात मोठ्या भोकाला तोंड लावून मी श्वास घेत बसले. किती वेळ ते सांगता येत नाही. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला तेव्हा हातातला पाना निसटला होता, म्हणून चपलेने ठोकलं. दार उघडलं तर समोर शेफाली. काका कुठेत, असं तिने विचारलं. दांडा अडकला, ते हातोडी आणायला गेलेत, असं मी सांगितलं. ह्यांच्यासाठी बोललेलं ते माझं पहिलं खोटं.

हे कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर बसले होते. समोर दोन ग्लास, एकावर बशी झाकलेली.

"कुठं राहिलीस? चहा गार व्हायलाय," हे म्हणाले.

मी तो गार चहा प्यायले. सुट्ट्या पैशांवरून मी आजवर एकाही बस कंडक्टरला सोडलेलं नाही, पण त्या दिवशी माझं तोंड उघडेना. ह्यांची चूक असती तर मी भांडले असते. मला भांडायचं होतं. ह्यांचा चेहरा पाहिला आणि कळलं की ह्यांना काहीच आठवत नाही, आणि ग्लासावर बशी मात्र माझ्याचसाठी झाकलेली आहे.

तरी चार महिने मी झाकून ठेवलं. मापं मीच लिहून घेऊ लागले, फोन मीच घेऊ लागले. आमची मुलगी नम्रता खडकीला असते, जावई दारूगोळा कारखान्यात आहेत. ती राखीच्या सुट्टीत आली आणि ह्यांनी तिला विचारलं, कुठल्या साइटवरून आलात? मग डॉक्टर झाले, तपासण्या झाल्या. विसरण्याचा आजार आहे, आता कमी होणार नाही, वाढत जाईल, असं डॉक्टरांनी सांगितलं. नम्रता जिन्यात रडली. मला म्हणाली, तू लपवलंस. लपवलं होतंच.

ती ह्यांना आपल्या क्वार्टरवर घेऊन गेली. आठव्या दिवशी हे दार उघडून निघून गेले आणि खडकी स्टेशनवर सापडले. फलाटावरच्या लोकांना बाजूला सरकायला सांगत होते, इथे क्रेन लागणार आहे म्हणून. मी आणायला गेले तेव्हा नम्रताने मला स्वयंपाकघरात नेलं.

"आई, बाबांच्या खोलीला बाहेरून कडी लावावी लागेल. इथे नाही तर तिकडे," ती म्हणाली.

"ज्या माणसाने दोनशे कंटेनरांच्या कड्या कापल्या त्याला मी कडीत ठेवणार नाही," मी म्हणाले. "माझ्या जिवात जीव आहे तोवर तरी नाही."

मोठ्या तोऱ्यात म्हणाले. तिच्याशी चार दिवस बोललेही नाही. ती बिचारी बरोबर बोलत होती म्हणूनच मला तिचा इतका राग आला होता.

वाचनालयाच्या त्या कंटेनरला फारच भोकं निघाली होती. शेफालीने शाळेसाठी दुसरा घेतला आणि हा आमच्याकडेच राहू दिला. काकू, तुम्हीच घर करा त्याचं, म्हणाली. इतकी वर्षं आम्ही यार्डाच्या मागे दोन पत्र्याच्या खोल्यांत राहत होतो. तुला पण एक करायचाय, पूर्वेला खिडकीवाला, असं हे दर दिवाळीला म्हणायचे आणि दर दिवाळीला दुसऱ्या कुणाचं काम निघायचं. आता कामं बंदच झाली होती. कामगार दुसरीकडे गेले होते. मी म्हटलं, करू.

ह्यांचं डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते. मी शेजारी उभी राहून काय करायचं तेवढं सांगायचे. पहिल्या दिवशी मी काही सांगायच्या आत ह्यांनी विचारलं, माणसं राहणार का माल? माणसं, मी म्हटलं, आपणच. हे छान हसले आणि चारही दांडे कापले. मग खिडक्या. किती, असं रोज विचारायचे. तीन, मी रोज सांगायचे. तीन झाल्यावरही त्यांनी विचारलं आणि मी तीनच म्हटलं असतं तर नव्याने तीन पडल्या असत्या, म्हणून मी कटर उचलून ठेवला. बाहेरून खडूचे दोन गोल तसेच होते. त्यांच्यावर रंग द्यायचं माझ्याच्याने झालं नाही.

दिवाळीला आम्ही आत राहायला गेलो. पूर्वेच्या खिडकीत हे सकाळी बसायचे. दाराला आतून साधी कडी होती आणि मी तिला घंटा बांधली होती. घंटा वाजली की मी हातातलं टाकून धावायचे. किती पोळ्या जळाल्या त्याला हिशेब नाही. पण त्या घरात मला सुख होतं. मला वाटायला लागलं होतं की असंच निभावेल.

फेब्रुवारीत एक दिवस मी न्हाणीघरात होते. पाण्याच्या आवाजात घंटा ऐकू आली नाही. बाहेर आले तर दार सताड उघडं आणि सासवड रोडकडून हॉर्नचा कल्लोळ. हे रस्त्याच्या मधोमध उभे राहून एका ट्रेलरला हात करत होते. ये, ये, ये, डावीकडे घे, बस. क्रेनला करायचे तसंच, अगदी नीट. ट्रेलर थांबला होता. मागून बाजूने आलेला टेम्पो थांबला नाही.

उजवा हात मोडला. तेवढ्यावर निभावलं, असं सगळे म्हणाले. जागेच्या मालकांनी, दत्तोबांनी, ह्यांना उचलून आणलं होतं. दवाखान्यातून परत आल्यावर ते माझ्यासमोर पायरीवर बसले.

"वहिनी, आज वाचला त्यो. उद्याचं म्या काय सांगू शकत न्हाय," ते म्हणाले. "दाराला भायेरनं कडी घाला. आता इलाज न्हाय."

मी नम्रताला फोन केला. कडी घालायची, म्हणाले. तिला कळलं. मी माणूस पाठवू का वेल्डिंगला, एवढंच तिने विचारलं. मी नको म्हटलं. हे काम दुसऱ्या कुणाच्या हातून व्हावं असं मला वाटेना.

भंगाराच्या ढिगात आमच्याच दाराचा एक दांडा अजून पडलेला होता. तोच काढला. वेल्डिंग मी बत्तीस वर्षं बघत आले होते, केलं कधी नव्हतं. हे प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून खुर्चीवर बसून बघत होते. मी दोनदा चिकटवलं, दोनदा गळून पडलं. तिसऱ्यांदा हे उठून जवळ आले.

"कुणाचा हाय?" त्यांनी विचारलं.

"गिऱ्हाइकाचा," मी म्हणाले.

"माणसं राहणार का माल?"

माझ्या तोंडासमोर वेल्डिंगची काच होती, ते बरं झालं. मी ती खाली केली नाही.

"माल," मी म्हणाले.

"मग काही हरकत न्हाई." ते वाकले आणि डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "दोन सूत खाली घे. हात हलवू नको. घट्ट बसला पाहिजे, न्हाईतर दार आतून ढकललं की निघतंय."

त्यांनी माझा हात धरून ते वेल्डिंग करून घेतलं. उत्तम झालं. गार झाल्यावर त्यांनी दांडा फिरवून बघितला, पुन्हा बघितला आणि माझ्या पाठीवर शाबासकी दिली. जन्मात पहिल्यांदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी औषधं आणायला मला हडपसरला जायचं होतं. ह्यांना खाऊ घातलं, पूर्वेच्या खिडकीत बसवलं, पाणी ठेवलं, रेडिओ लावला. दत्तोबांच्या सुनेला लक्ष ठेवायला सांगितलं. मग बाहेर आले आणि दांडा बसवला. तो बसल्याचा आवाज मला पाठ होता, पण आजवर तो मी आतून ऐकला होता.

चार पावलं गेले नसेन तर आतून दोन ठोके पडले.

मी मागे फिरले. पत्र्यावर तळवा ठेवला. पुन्हा दोन ठोके, अगदी हाताखाली. खिडकीच्या शेजारी ठोकत होते. आत तर तिन्ही खिडक्यांतून ऊन येत होतं, तरी उजेड शोधत होते. मी हत्यारांच्या डब्यातून खडू काढला आणि तिथे गोल केला. खडू घासल्याचा आवाज ऐकून आत शांत झालं. मग थोडं पुढे दोन ठोके. मी तिथेही गोल केला. असे पाच झाले. मी रडत होते आणि गोल मात्र नीट काढत होते, कारण वेडावाकडा ह्यांना चालत नसे.

मग तीन ठोके आले. सावकाश, मी द्यायचे तसे.

साडेदहाची बस चुकवून चालणार नव्हतं. ह्यांच्या सकाळच्या गोळ्या संपल्या होत्या. मी खडू डब्यात ठेवला. आलेच हं, असं पत्र्याला तोंड लावून म्हणाले आणि निघाले. तीन ठोके फाटकापर्यंत ऐकू येत होते.