खोटं ‘टक्’

मित्रांनो, सहा वर्षं माझ्या मागच्या डाव्या पायाखाली एक पत्र होतं. घडीवर घडी घालून टेकूसारखं सरकवलेलं. ते आमच्या मालकांना आलं होतं आणि त्यांनी त्याला उत्तर दिलं नव्हतं. पत्रात एकच प्रश्न होता. उत्तर मालकांना माहीत होतं, मलाही माहीत होतं. मालकांना तोंड असून ते बोलले नाहीत आणि मला तर तोंडच नाही. पण ते असतं तर मी बोलले असते का? छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. खुर्चीला हात असतात, छाती नसते. ही एक सोयच म्हणायची.

मी एक जुनी, उंच खुर्ची आहे. हॉटेलात लहान बाळांना बसवण्यासाठी असते तसली. कुणी मला बेबी चेअर म्हणतं, कुणी नुसतंच ‘ती बाळाची आणा हो’ म्हणतं. एका सुताराने मला घडवलं. माझे चारही पाय त्याने बाहेरच्या बाजूला फाकवले. घासता घासता तो म्हणाला होता, “उंच माणसानं पाय पसरून उभं राहावं. ऐट कमी, पण पडायची भीती नाही.” पिशव्या शिवणाऱ्या एका बाईने जाड कापडाचा कंबरपट्टा करून दिला आणि त्याला लोखंडी बक्कल लावलं. बक्कलाची जीभ खाचेत शिरली की आतली स्प्रिंग तिला धरून ठेवायची आणि ‘टक्’ असा आवाज व्हायचा.

आयांना तो आवाज फार आवडायचा. बाळाला बसवायचं, पट्टा ओढायचा, कान द्यायचा. टक्! की खांदे खाली यायचे, मग मेनूकार्ड उघडायचं. त्या एका आवाजावर माझी सगळी अब्रू होती.

आमचं हॉटेल लहान, नऊ टेबलांचं. रस्त्यापलीकडे टपालाची पेटी. गल्ल्यावर मालक बसत. फार भिडस्त माणूस. गिऱ्हाईक आलं की उठून हसत आणि पुन्हा पुस्तकात डोकं घालत. ओठ हलवत, पुटपुटत वाचायची त्यांना सवय होती, त्यामुळे जवळ उभी असले की मलाही बरंच वाचून व्हायचं. स्वयंपाकघर मालकीणबाईंचं. त्यांचा आवाज सूपच्या वाफेसारखा सगळीकडे पोहोचायचा.

एका रविवारी एक जोडपं पाच महिन्यांचं बाळ घेऊन आलं. बाळापेक्षा बाळाची पिशवी मोठी. बाळाचं नाव काय होतं कोण जाणे, सगळे त्याला ढब्बू म्हणत आणि ते बरोबरच होतं. पहिले काही रविवार ते दोघं पाळीपाळीने जेवले.

“तू आधी जेव, सूप गरम आहे तोवर,” बाळाचा बाबा म्हणायचा.

“नको, तुम्ही जेवा. माझं थंडच बरं लागतं.”

“कधीपासून?”

“पाच महिन्यांपासून.”

मग ढब्बू बसता झाला आणि एका रविवारी मालकांनी मला त्यांच्या टेबलाशी आणून ठेवलं. आईने पट्टा ओढला. टक्. तिने मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांकडे पाहिलं आणि म्हणाली, “काका, किती दिवसांनी दोन्ही हातांनी जेवणार आहे मी!” टोस्टचा तुकडा तिने नीट, चारी बाजूंनी लोणी लावून खाल्ला. मित्रांनो, माझं कौतुक पुष्कळांनी केलं, पण त्या टोस्टइतकं कुणीच नाही.

त्यानंतर ते दर रविवारी येत. कधी कधी सासूबाईही असत.

आता सांगायला जड जातं ते सांगते. वापरून वापरून माझ्या बक्कलातली स्प्रिंग थकली. एका शुक्रवारी नातीला घेऊन आलेल्या एका आजोबांनी मालकांना बोलावून दाखवलं.

“हे बघा, वाजतं, पण धरत नाही. जरा जोर लावला की सुटतं.”

“होय होय, आजच बघतो,” मालक म्हणाले.

दुपारी त्यांनी पकड आणली. बक्कल दोन्ही बाजूंनी दाबलं, जीभ आत ढकलली. टक्. एकदा हलकेच ओढून पाहिलं. “झालं काम,” ते स्वतःशीच म्हणाले आणि पुस्तकाकडे गेले. अर्धवट राहिलेला धडा होता.

काम झालं नव्हतं. आवाज काढणं मला जमत होतं, धरून ठेवणं जमत नव्हतं. आणि खरं सांगू? तो आवाज पुन्हा आला तेव्हा मला हायसं वाटलं होतं. मोडकी ठरले असते तर माळ्यावर गेले असते. मला माळा नको होता.

तो रविवार गर्दीचा होता. जोडपं आलं, बरोबर सासूबाई. मालक क्षणभर माझ्याजवळ थांबले. त्यांचा हात बक्कलापर्यंत आला. तेवढ्यात चार नंबरवरून हाक आली आणि त्यांनी मला तसंच उचलून टेबलाशी ठेवलं. आईने पट्टा ओढला, कान दिला. टक्. मी वाजले, मित्रांनो. मी अगदी नेहमीसारखी वाजले.

सूप आलं. आई ढब्बूसाठी चमचाभर सूप बशीत ओतून फुंकर घालत होती. ढब्बूने दुसरा चमचा खाली टाकला आणि तो बघायला वाकला. पट्टा सुटला. त्याची हनुवटी टेबलाच्या कडेवर आपटली आणि तो खाली पडला. मीही त्याच्या पाठोपाठ कलंडले. माझा मागचा डावा पाय तेव्हापासून आखूड आहे.

ढब्बू रडला म्हणून सगळ्यांना धीर आला. त्याच्या हनुवटीतून रक्त येत होतं. मालकांनी धावत बर्फ आणला. आणि त्या गोंधळात सासूबाई म्हणाल्या, “अगं, पट्टा लावला होतास की नाही? लक्ष कुठं असतं तुझं!”

“लावला होता...” आई म्हणाली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, “लावला होता ना मी?” तिने नवऱ्याकडे पाहिलं. नवरा बाळाला छातीशी धरून गाडीची किल्ली शोधत होता. तिने मालकांकडे पाहिलं. “काका, तुम्ही बघितलंत का हो?”

मालकांच्या हातातून बर्फाचं पाणी गळत होतं. बोलायला एक वाक्य पुरलं असतं. त्यांचे ओठ हलले, वाचताना हलतात तसे. आवाज आला नाही. मग ती मंडळी दवाखान्यात गेली आणि ते टेबल तसंच राहिलं, बशीतल्या चमचाभर सूपसकट.

दुसऱ्या दिवशी नवी प्लॅस्टिकची बेबी चेअर आली. मला खिडकीशी ठेवलं आणि माझ्यावर मनीप्लँटची कुंडी बसली. माळ्यावर गेले नाही. पण जे बाळ मी सांभाळू शकले नाही, त्याच्या जागी आता झाड होतं, आणि झाड वाकत नाही.

दोन महिन्यांनी टपालाने एक लहानसा डबा आला. मालकांनी तो खिडकीशी येऊन उघडला. आत घरी भाजलेली बिस्किटं होती, बाळाच्या मुठीत मावतील अशी लांबट, काट्याने ठिपके दिलेली. आणि एक पत्र. मालक पुटपुटत वाचत होते.

“काका, त्या दिवशी तुम्ही बर्फ घेऊन धावलात, त्याचे आभार मानायचे राहिले. ढब्बूला तीन टाके पडले, आता बरा आहे. आम्ही बाहेर जेवायला जात नाही. मला भीती वाटते. मी घरीच भाजायला शिकतेय. पहिला केळ्याचा केक दगड झाला. हे म्हणाले, दाराला अडसर म्हणून छान आहे. दुसरा मधे कच्चा राहिला. बिस्किटं मात्र जमली, म्हणून पाठवते. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना मी मोजे चढवलेत, घर हसतं मला. काका, एक विचारायचं होतं. घरी विचारता येत नाही आणि फोनवर रडू येईल म्हणून लिहितेय. मी पट्टा लावला होता का? मला ‘टक्’ ऐकल्यासारखं आठवतं, पण सगळे म्हणतात, सवयीने वाटतं तसं. आता मी ओव्हन बंद केला का म्हणून चार वेळा उठून बघते. ढब्बूला अंघोळ घालायची मला हिंमत होत नाही, सासूबाई घालतात. माझ्याच हातांवर माझा विश्वास राहिलेला नाही. तुम्ही जवळ उभे होतात. जे असेल ते सांगा, नसला लावला तरी सांगा.”

मालकांनी एक बिस्कीट तोंडात घातलं. पत्र घाईने सदऱ्याच्या खिशात घातलं.

डबा बघून मालकीणबाई बाहेर आल्या. “कुणी पाठवली?”

“एका गिऱ्हाईकाने. बाळाला बर्फ दिला होता ना, म्हणून.”

“वा, खुसखुशीत झालीत की! तिला कळवा हो तसं.”

“कळवतो.”

त्यांनी खरंच कागद घेतला होता. ‘सप्रेम नमस्कार’ लिहिलं. मग खोडलं, कारण नमस्काराला ‘सप्रेम’ म्हणायचा आपल्याला काय अधिकार, असं त्यांना वाटलं असावं. तीन दिवस तीन कागद झाले. एकाही कागदावर दुसरी ओळ आली नाही. पत्र त्यांच्या सदऱ्याच्या खिशात फिरत राहिलं. गल्ल्यावर बसले की हात खिशाकडे जायचा आणि परत यायचा.

मग एका दुपारी मालकीणबाई मला पुसत होत्या. “अहो, ही डुगडुगतेय. कुंडी पडेल. एखादा कागद द्या ना घडी करून.”

मालक उठले. गल्ल्यावर रद्दीचा गठ्ठा होता. त्यांनी खिशात हात घातला. पत्राची घडी घातली, तिच्यावर घडी, तिच्यावर घडी. वाकून ती माझ्या पायाखाली सरकवली. फेकायचं धाडस नव्हतं, जवळ ठेवायचंही नव्हतं. माझ्या पायाखाली ते फेकलेलंही नव्हतं आणि समोरही नव्हतं. फार पुस्तकं वाचणाऱ्या माणसालाच असली जागा सापडते.

मी डुगडुगायची थांबले. सहा वर्षं तिच्या प्रश्नावर मी सरळ उभी होते.

परवा हॉटेलचं रंगकाम निघालं. मालकीणबाईंनी कुंडी उचलली, मला बाजूला ओढलं. सहा वर्षं झाडाचं पाणी ओघळून पत्राच्या वरच्या घड्या पिवळ्या झाल्या होत्या. त्यांनी ते उलगडलं. उभ्यानेच वाचलं. मग खाली बसून पुन्हा वाचलं.

“अहो, इकडे या.”

मालक आले. पत्र बघून तिथेच थांबले.

“लावला होता का तिने पट्टा?”

रंगारी शिडीवरून उतरून बाहेर गेला.

“लावला होता,” मालक म्हणाले. “बक्कल मोडकं होतं. मला शुक्रवारीच कळलं होतं.”

“आणि मला म्हणालात, कळवतो.”

“आता काय उपयोग गं? सहा वर्षं झाली. पोरगा शाळेत जात असेल.”

“पोरगा गेला शाळेत. ती कुठं गेलीय अजून? ती आपल्या त्या टेबलाशीच उभी आहे.” त्यांचा आवाज कधी नव्हे तो हळू होता. “पत्राला उत्तर द्यायचं असतं हो. टेकू म्हणून नाही लावायचं.”

मालक माझ्याजवळ बसले. माझ्या सीटवर कागद ठेवून लिहू लागले. या खेपेला नमस्कार-बिमस्कार नव्हता. ते पुटपुटत होते म्हणून तुम्हाला सांगू शकते.

“ताई, तुम्ही पट्टा लावला होता. ‘टक्’ असा आवाज झाला, तो मी ऐकला. बक्कल खराब होतं आणि मला दोन दिवस आधी एका आजोबांनी ते दाखवलं होतं. मी नीट केलं नाही. तुम्ही मला विचारलंत तेव्हा मी गप्प राहिलो, आणि पत्र आलं तेव्हाही. तुमच्या हातांची काही चूक नव्हती. चूक माझी होती. तुमच्या घरच्यांना हे पत्र दाखवा. मी येऊन त्यांना तोंडाने सांगायलाही तयार आहे. बिस्किटं छान झाली होती.”

मग त्यांनी कात्री आणली आणि माझा पट्टा कापला. मला दुखलं नाही. माझं बक्कल त्यांनी पाकिटात टाकलं आणि कागदाच्या तळाशी आणखी एक ओळ लिहिली: “सोबत बक्कल पाठवतो आहे. लावा, आवाज ऐका आणि मग ओढून बघा.”

पत्ता पत्राच्या सगळ्यात आतल्या घडीत होता. तिथवर पाणी पोहोचलं नव्हतं. ती अजून तिथेच राहते का, ते मालकांना माहीत नाही, मलाही नाही.

मित्रांनो, शिकवण द्यायला मी काही मोठी नाही. पण एवढं ऐका. तुमच्या घरात माझ्यासारखी एखादी वस्तू असेल तर नुसत्या आवाजावर जाऊ नका, ओढून बघा. मोडकी असेल तर तिला मोडकी म्हणा, चिठ्ठी बांधा, माळ्यावर टाका. तिला वाईट वाटेल, वाटू द्या. आणि चूक तुमची असताना दुसरं कुणी स्वतःच्या हातांकडे बघून रडत असेल, तर तेव्हाच, तिथेच बोला. एक वाक्य पुरतं. नंतर त्याला सहा वर्षं लागतात.

आज सकाळी मालक पाकीट घेऊन बाहेर पडले. मला खिडकीतून सगळं दिसत होतं. रस्ता ओलांडून ते पेटीपाशी गेले. हात फटीपर्यंत नेला, मागे घेतला, पाकीट नीट चिकटलंय का ते पाहिलं. मागे वळून आमच्या दाराकडे बघितलं. दारात मालकीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. मग मालकांनी पाकीट आत टाकलं.

माझ्या पायाखाली आता काही नाही. मी पुन्हा डुगडुगते आहे. वाहनांच्या गोंगाटात रस्त्यापलीकडचा आवाज मला ऐकू येणं शक्य नाही. पण पाकिटात लोखंड होतं. पेटीच्या तळाशी काहीतरी वाजलंच असणार.