थोरला, डावा, पाऊण

मास्तर म्हणजे बाई, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर पुढे घोळ होतो. त्यांचे वडील शिंपी. त्यांना सगळे मास्तर म्हणायचे. ते गेले, आणि पंधरा दिवसांनी दुकान उघडलं तेव्हा पहिलं गिऱ्हाईक दारात येऊन म्हणालं, "मास्तर आहेत का?" तेव्हा थोरल्या मुलीने गळ्यात टेप अडकवली आणि "आहेत, या" म्हटलं. तेव्हापासून त्याच मास्तर. धाकटी बहीण शेजारच्या मशीनवर बसते, काज-बटण करते आणि अखंड बोलते. तिच्या जिभेला हाड नाही असं मास्तरांचं म्हणणं, आणि मास्तरांना मुळात जीभच नाही असं धाकटीचं.

तर या दोघींनी वावटळ्याला कपडे घातले. वावटळ्या म्हणजे पडद्यावरचा तो वीर, जो एक गिरकी घेतली की वावटळ होतो आणि पडत्या इमारती अलगद उचलून बाजूला ठेवतो. पहिला भाग निघाला तेव्हा इमारती पुठ्ठ्याच्या होत्या आणि वावटळ्याची केप छत्रीच्या कापडाची. धाकटी तिला केप म्हणतच नसे, झूल म्हणे. पण सिनेमा धो धो चालला आणि लोकांनी तो पोशाख डोक्यावर घेतला. शेवटी पडद्यावर नावं सरकली. ड्रायव्हरांची आली, चहावाल्याचं आलं, वावटळीत उडालेल्या कोंबड्यांच्या मालकाचे आभारसुद्धा आले. शिंप्याचं नाव आलं नाही.

आता भाग दोन. आता पैशाला तोटा नव्हता, आणि ज्याला पैशाचा तोटा नसतो त्याला घाई फार असते. शहराबाहेर विमान मावेल एवढी शेड घेतली होती. तिच्या एका कोपऱ्यात मास्तरांना काचेची खोली, चार नवी मशीनं आणि हाताखाली सहा बायका मिळाल्या. दिग्दर्शकाने शब्द दिला, "या वेळी सुरुवातीलाच, स्वतंत्र ओळीत तुमचं नाव." मास्तरांनी विचारलं, "वडिलांच्या नावासकट?" "वडिलांच्या नावासकट!"

वडिलांनी चाळीस वर्षं नाटका-सिनेमांचे कपडे शिवले, पण त्यांचं नाव कधी कुठे लागलं नाही. दुकानाच्या पाटीवरही नुसतं 'मास्तर'. त्या एका ओळीची मास्तरांना किती आस होती हे फक्त धाकटीला माहीत होतं, आणि धाकटीला माहीत म्हणजे सगळ्या शेडला.

वडिलांकडून मास्तरांना दोन गोष्टी मिळाल्या होत्या, एक कातर आणि एक वही. वहीत गिऱ्हाइकांची मापं. वडील सांगायचे, अंगातली खोट कापडाने झाकायची, तोंडाने उघडी करायची नाही, अगदी गिऱ्हाइकाजवळही नाही. म्हणून त्यांनी स्वतःचे शब्द ठरवले होते. पोट सुटलेलं असलं की वहीत लिहायचं 'सुखवस्तू'. पाठीला पोक असला की 'वाचक'. मान आखूड असली तर 'घाईत'. आणि एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली असला तर 'थोरला', कारण घरातल्या थोरल्याने ओझं वाहिलेलं असतं. गिऱ्हाईक समोर उभं असताना वडील मोठ्याने म्हणायचे, "छाती अडतीस, सुखवस्तू, दीड," आणि गिऱ्हाईक उलट खूश व्हायचं.

वावटळ्याच्या पानावर मास्तरांनी सगळी मापं लिहून शेवटी लिहिलं होतं: थोरला, डावा, पाऊण. म्हणजे डावा खांदा पाऊण इंच खाली. पहिल्या भागात त्यांनी डावीकडे गुपचूप फेल्टचं पॅड शिवून टाकलं. कॅमेऱ्याला कळलं नाही, दिग्दर्शकाला कळलं नाही, हिरोलाही कळलं नाही. पुढे वर्तमानपत्रांनी लिहिलं की या माणसाला देवाने फूटपट्टी लावून घडवलं आहे. धाकटीने ते कात्रण मशीनवर चिकटवलं आणि आठवडाभर हसली.

या वेळी हिरोला माप द्यायला वेळ नव्हता. तो दुसऱ्या एका सिनेमासाठी समुद्रात बुडत होता. तेव्हा एक चष्मेवाली मुलगी आली, कानात एक यंत्र, हातात दोन. सगळे तिला डेटावाली म्हणत. "वही दोन दिवस देता का? मापं कॉम्प्युटरमध्ये घालायची आहेत." मास्तरांनी वही दिली. वही परत आली तेव्हा पानापानाला पिवळ्या चिठ्ठ्या लावलेल्या होत्या. मास्तरांना वाटलं, पोरीचं काम टापटीप आहे.

महिन्याने, मास्तर बाकीच्यांचे कपडे शिवत असताना, चौदा पेटाऱ्यांतून वावटळ्याचे चौदा पोशाख आले. कुठल्याशा कारखान्यात साच्यात घालून काढलेले, रबरासारखे, चकचकीत. एक उडायचा, एक भिजायचा, एक अर्धा जळलेला, तीन फाटलेले. पोशाख फाटलेलाच नवा येतो हे पाहून धाकटी म्हणाली, "आमच्याकडून फाडून घेतला असता तर स्वस्तात पडला असता."

हिरो बुडून परत आला आणि पोशाख घालून बाहेर आला. शेडमध्ये शंभर माणसं होती आणि शंभरही माना पुढे काढून बघायला लागली. बाह्या मनगट ओलांडून तळहातावर आल्या होत्या. छातीवरचा भोवरा, म्हणजे वावटळ्याची खूण, पोटाकडे सरकला होता. केप डाव्या खांद्यावरून घसरत होती ती वेगळीच.

"सर," दिग्दर्शक हळूच म्हणाला, "तुम्ही बारीक झालात."

हिरोने घाबरून गाल चाचपले. ताबडतोब व्यायामवाल्याला बोलावणं गेलं. पोशाखात चूक असेल असं कुणाच्या मनातही आलं नाही, कारण पोशाख कॉम्प्युटरने केला होता आणि हिरोला फक्त आई-बापांनी. त्या दिवसापासून हिरोला दर दोन तासांनी उकडलेली अंडी आणि केळी. आठवड्याने छाती होती तिथेच राहिली आणि पोट पुढे आलं. मास्तर मनात म्हणाल्या, आता 'सुखवस्तू'ही लिहावं लागणार.

पण एव्हाना त्यांना शंका आली होती. त्यांनी एक पोशाख टेबलावर पसरून टेप लावली. छाती पाऊण इंच जास्त, बाही पाऊण जास्त, कंबर पाऊण, मांडी पाऊण. त्यांनी वही उघडली. वावटळ्याच्या पानावर पिवळी चिठ्ठी, आणि डेटावालीच्या सुबक अक्षरात: थोरला, म्हणजे मोठा साइज. सगळीकडे पाऊण वाढवणे. 'डावा'वर प्रश्नचिन्ह काढून तो सोडून दिला होता.

ते कळायला आणि दिग्दर्शकाचं बोलावणं यायला एकच गाठ पडली. अंड्यांनी काही होत नाही म्हटल्यावर खापर फोडायला डोकं शोधणं सुरू झालं होतं. लांब टेबलाभोवती सगळे बसले होते. हिरोही होता, पुढ्यात केळं.

"मास्तर, मापं तुमच्या वहीतली," दिग्दर्शक म्हणाला.

"हो."

"वहीत 'थोरला' लिहिलंय?"

"लिहिलंय."

"मग थोरला म्हणजे मोठाच ना? की दुसरं काही?"

डेटावाली रडवेली होऊन बघत होती. हिरो केळं सोलायचं थांबला होता. मागे दाराशी उभ्या धाकटीने इतका मोठा श्वास घेतला की मास्तरांना तो पाठीवर जाणवला. मास्तरांनी मागे वळून फक्त एकदा पाहिलं. ती नजर वडिलांची होती. धाकटीने तोंड मिटलं.

एक वाक्य बोलायचं होतं. डावा खांदा पडका आहे, एवढंच. पण टेबलाभोवती वीस माणसं होती, आणि फूटपट्टी लावून घडवलेला माणूस समोर बसला होता.

"अक्षर माझं आहे," मास्तर म्हणाल्या. "नीट समजावून सांगायला हवं होतं. चूक माझी."

दिग्दर्शक वाईट माणूस नव्हता, पण त्याच्या वरही माणसं होती. त्याने सांगितलं की पोशाखांचं काम आता दुसऱ्या कुणाकडे जाईल, मास्तरांनी दुरुस्तीपुरतं थांबावं, आणि नावाचं... नावाचं आता जमणार नाही. मास्तरांनी मान हलवली. खोलीत येऊन त्या सुई ओवायला बसल्या आणि सुई काही ओवली जाईना. वडिलांचं नाव आपण आपल्या हाताने पुसलं असं त्यांना वाटत होतं, आणि पुसलं ते वडिलांचंच ऐकून, याचं त्यांना फार वाईट वाटत होतं.

"ताई, तुला काय म्हणावं!" धाकटी म्हणाली. "त्याचा खांदा झाकायला स्वतःचं नाक कापून घेतलंस?"

"दोरा दे."

"देते. पण मी हे सगळ्यांना सांगणार."

"सांगितलंस तर मशीनला हात लावू देणार नाही."

धाकटी दोन दिवस धुसफुसत राहिली, पण बोलली नाही. तिच्या आयुष्यातले ते सगळ्यात लांब दोन दिवस.

तिसऱ्या दिवशी सकाळी हिरो एकटाच काचेच्या खोलीत आला. हातात कापडी पिशवी. तिच्यातून त्याने पहिल्या भागाचा पोशाख काढला.

"घरी कपाटात होता," तो म्हणाला. "काल घालून बघितला. अंड्यांमुळे पोटाला जरा घट्ट आहे, बाकी अगदी बरोबर बसतो. मी बारीकबिरीक काही झालेलो नाही."

"नाहीच झालात," मास्तर म्हणाल्या.

"मग काढताना हे हाताला लागलं." त्याने डाव्या खांद्याचं अस्तर उलटं केलं. फेल्टच्या तीन थरांचं पॅड, बारीक टाक्यांनी शिवलेलं. "हे काय आहे?"

"फेल्ट."

"फक्त डावीकडेच?"

मास्तरांनी जन्मात गिऱ्हाइकाशी खोटं बोलायची वेळ फारशी येऊ दिली नव्हती, त्यामुळे त्यांना ते जमायचं नाही. "कापड उरलं होतं," त्या म्हणाल्या.

धाकटीला खोकल्याची उबळ आली. हिरो हसला, पण जागचा हलला नाही. "मास्तर, थोरला म्हणजे काय?"

मास्तरांनी टेप गळ्यातून काढली, गुंडाळली, पुन्हा सोडली. विचारणारा स्वतःच गिऱ्हाईक, खांदाही त्याचाच. शेवटी त्यांनी सांगितलं. "ज्याने घरात ओझं वाहिलं तो. आमच्या वडिलांचा शब्द आहे. वाईट अर्थाने नाही हो."

"पण मी शेंडेफळ आहे," हिरो म्हणाला.

मास्तर वरमल्या. चाळीस वर्षांचा शब्द पहिल्यांदाच चुकला होता. हिरो मात्र आरशात स्वतःचा डावा खांदा बघत होता, नवीन ओळख झाल्यासारखा.

"दादा थोरला," तो म्हणाला. "त्याचा एक पाय लहानपणीच गेला. शाळा दोन मैल लांब. त्याच्या एका बाजूला कुबडी, दुसऱ्या बाजूला मी. सात वर्षं." त्याने खांद्यावर हात ठेवला. "त्याचा हात इथे असायचा."

मशीनं बंद होती. मास्तरांनी वही उघडली, 'थोरला' हा शब्द नीट वाचला आणि तसाच ठेवला. "म्हणजे माप बरोबरच आहे," त्या म्हणाल्या.

दुपारी हिरोने शेडमध्ये सगळ्यांसमोर जुना पोशाख घातला, डावीकडचं पॅड काढून. भोवरा छातीवर तिरका बसला. "हा माझा खांदा," तो म्हणाला. "पाऊण इंच खाली. मास्तरांना माहीत होतं आणि त्या माझ्यासाठी गप्प बसल्या. लिहून घ्या." डेटावालीने खरोखरच लिहून घेतलं आणि मग रडायलाच लागली. मास्तरांनी तिला खुर्ची दिली आणि दुसऱ्या दिवसापासून टेप धरायला शिकवली.

पोशाख पुन्हा झाले, या वेळी मास्तरांच्याच हाताने. मास्तरांनी पॅड घालायला घेतलं तर दिग्दर्शक म्हणाला, नको, राहू दे तसाच, फार माणसासारखा दिसतो. मग उड्या मारणाऱ्या दोन्ही बदली माणसांचे सरळ खांदे वाकडे दिसावेत म्हणून त्यांना उजवीकडे पॅडं घालावी लागली. पोस्टरवर तो तिरका खांदा एवढा मोठा छापला की गल्लीतली पोरं एका अंगाला कलून चालायला लागली. वडिलांनी चाळीस वर्षं जे झाकलं ते आता फॅशन झालं, म्हणून मास्तर मनातून थोड्या नाराजच होत्या.

पहिल्या खेळासाठी धाकटीने ताईला नवीन ब्लाउज शिवला. शिवायला कधी नव्हे ती माप घेऊन बसली, आणि मापं मोठ्याने म्हणायची सोडून पाठ फिरवून वहीत लिहीत होती. मास्तरांना वाटलं, सिनेमाच्या गडबडीत असेल.

दुपारचा खेळ. अंधार झाला, वाऱ्याचा आवाज घुमला, आणि काळ्या पडद्यावर एकटी ओळ आली. मास्तरांचं नाव, वडिलांच्या नावासकट. शेजारचा माणूस खायच्या पुड्यात हात घालून काहीतरी शोधत होता. बाकी कुणी ती ओळ वाचली असेल-नसेल. मास्तरांनी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, आणि डोळे पुसायला पदर घेताना त्यांचा हात उजव्या खांद्यावर पडला. ब्लाउजच्या आत काहीतरी मऊ होतं. बारीक टाक्यांनी शिवलेलं. फक्त उजवीकडेच.

"हे काय गं?" त्यांनी हळूच विचारलं.

धाकटी पडद्याकडेच बघत होती.

"काही नाही," ती म्हणाली. "कापड उरलं होतं."